मागाच्या खड्ड्यावरची गाडी

जुनी गाडी दुरुस्त करायला फार धीर लागतो, असं कोणी म्हटलं की माझं डोकं फिरतं. माझा मुलगा आमच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये गेल्या वर्षापासून एक जुनी जीप खोलून बसला आहे. रोज कुरिअरवाला काहीतरी खोकं आणून देतो, आणि येणारेजाणारे थांबून म्हणतात, काय पेशन्स आहे हो तुमच्या पोराचा. माझी सून तेवढ्या वेळात गॅसवरचं दूध उतरवत असते आणि काही बोलत नाही. मी तिच्याकडे पाहते. असं न बोलणं मी पाहिलेलं आहे. आमच्या घरात ते काही वर्षं मुक्कामाला होतं, आणि त्याचा शेवट कसा झाला हे मी विसरलेले नाही.

आम्ही कोष्टी. गोळीबार चौकाच्या मागे आमची गल्ली, आणि गल्लीत शिरलं की दोन्ही बाजूंनी मागांची खटखट. लहानपणी मला वाटायचं की सगळ्याच गावांत घरं अशीच वाजतात. पुढे एकेक माग थांबला. कोणी मिलमध्ये गेलं, कोणी गांधीबागेत कापडाच्या दुकानात गादीवर बसलं, आणि माझे बाबा एका सरकारी खात्यात ड्रायव्हर झाले. पण आमच्या घरातला माग थांबला नाही, कारण तो बाबांचा नव्हताच. तो आईचा होता. समोरच्या खोलीत जमिनीत खड्डा, खड्ड्यात पाय सोडून आई बसलेली, पायाखाली दाबायच्या पावड्या, हातात आडवं सूत ओवणारा लाकडी धोटा. सकाळी आमच्या भाकरी आणि जवसाची चटणी झाली की ती त्या खड्ड्यात उतरायची, ते पार मुन्शिपालटीचा नळ येईपर्यंत. मी शाळेतून आले की तिच्या शेजारी बसून धोट्यात घालायच्या सुताच्या कांड्या भरायची. ती बोलायची कमी, पण मागावर असली की गुणगुणायची. स्वयंपाक करताना ती कधीच गुणगुणली नाही, हे मला फार उशिरा लक्षात आलं.

आता बाबांचं सांगते. माणूस गरीब गाय. आवाज चढवलेला कोणी ऐकला नाही. रविवारी मटणाच्या रश्श्यात मीठ जास्त पडलं तरी मुकाट्यानं पाणी पिऊन जेवायचे. साहेबाची काळी अँबेसिडर ते वर्षानुवर्षं चालवत होते आणि तिची अशी काळजी घ्यायचे की मोठी आई, म्हणजे माझ्या थोरल्या काकांची बायको, आईला चिडवायची, "तुह्या सवतीले पुसून राहिला असन बिचारा." साहेब बदलून जात, नवे येत, त्यांच्या मॅडम मागच्या सीटवर डाव्या बाजूला बसून सीताबर्डीला साड्या घ्यायला जात. बाबा दार उघडून उभे राहत. आपल्या बायकोला त्या गाडीत बसवायची परवानगी नव्हती. एकदा आई भर उन्हात मेडिकलच्या चौकात बसची वाट पाहत उभी होती आणि बाबा रिकामी गाडी घेऊन तिच्या समोरून गेले. थांबले नाहीत. नियम तसा होता आणि बाबा नियमाचे पक्के. घरी आल्यावर आई त्याबद्दल एक अक्षर बोलली नाही, पण बाबांच्या मनात ते काट्यासारखं रुतलं. त्या दिवशी त्यांनी मला सांगितलं होतं, "एक दिवस तुह्या मायले याच गाडीत मागं बसवीन पाय. मॅडमसारखं."

म्हणून जेव्हा ती गाडी सरकारनं भंगारात काढली आणि लिलावात बाबांनी ती घेतली, तेव्हा त्यांच्या दृष्टीनं तो आईसाठीच केलेला पराक्रम होता. आई तेव्हा उमरेडला होती, मामीच्या बाळंतपणाला. बाबांना वाटलं, ती यायच्या आत सगळं करून ठेवावं, एकदम थक्क होईल. थक्क तर ती झालीच. गाडी ठेवायला जागा हवी म्हणून बाबांनी समोरच्या खोलीची गल्लीकडची भिंत पाडली. गाडीखाली उतरून काम करायला खड्डा लागतो, आणि खड्डा तर घरात आयताच होता. तेवढा लांब करून थोडा खोल केला की झालं. सूत तर तसंही विणकरांच्या सोसायटीकडून येणं बंद झालं होतं. मागावर शेवटच्या सुताचं एक लाल काठाचं लुगडं चढवलेलं होतं, आई ते पुरवून पुरवून विणत होती, आणि त्यातलं थोडंसंच विणायचं राहिलं होतं. बाबांनी विणलेला भाग कापून घेतला, नीट घडी करून पेटीत ठेवला. मागावर ताणलेली उभी सुतं, म्हणजे ताणा, तोही कापला. कोष्ट्याच्या घरात जन्मलेल्या माणसानं भरला ताणा ब्लेडनं कापला. मी तिथेच उभी होते, नववीत असेन. तुटलेली सुतं एकदम सैल होऊन खाली पडली. मागाची लाकडं मिठाईवाल्याच्या भट्टीला गेली.

आई संध्याकाळच्या बसनं आली. हातात मामाकडच्या मुरमुऱ्यांची पिशवी. गल्लीच्या तोंडाशीच तिला दिसलं असणार, कारण ती फार हळू चालत आली. भिंत नाही, माग नाही, आणि तिच्या जागेवर एक काळी गाडी, चाकं काढलेली, विटांवर उभी. बाबा हसत समोर आले. मोठी आई, काका, गल्लीतली पोरं, सगळी तमाशा पाहायला जमलेली. आईनं गाडीकडे पाहिलंसुद्धा नाही. तिनं एवढंच विचारलं, "माग कुठी हाये?" बाबांनी सांगितलं. तिनं कोनाड्यात राहिलेला धोटा उचलला, पदरात गुंडाळला, आणि आल्या पावली बाहेर पडली. आम्हाला वाटलं, चालली परत उमरेडला. ती शेजाऱ्यांच्या अंगणातून, त्यांच्या बकऱ्यांमधून वाट काढत, मागच्या दारानं स्वयंपाकघरात शिरली आणि तिनं चूल पेटवली.

त्या दिवसापासून आई समोरच्या खोलीत आली नाही. बाजारातून यायचं असो की लग्नाला जायचं असो, पावसात चिखल असो, ती बकऱ्यांच्या वाटेनंच यायची आणि जायची. बाबांशी बोलायची. जेवायला वाढायची, डबा द्यायची, अंगात ताप असला तर काढा करायची. भांडण म्हणावं असं काहीच नव्हतं, आणि तेच भयंकर होतं. गाडीचं नाव मात्र तिच्या तोंडून निघालं नाही. बाबा ताटावर बसून सांगायचे, आज गिअरबॉक्स उतरवला, आज रेडिएटर झाळून आणला, आणि शेवटी हमखास म्हणायचे, "अवं, एक दिवस ये ना. हात तं लावून पाय." आई विचारायची, भात वाढू का.

काका समोरच्या त्यांच्या ओसरीवर बसून टोमणे मारायचे की सरकारनं फेकलेलं लोखंड आमच्या भावानं घरात आणून मांडलं. गल्लीतल्या बायका आईला विचारायच्या की सवत काय म्हणते. बाबांनी कशाचंही वाईट वाटून घेतलं नाही. ड्युटीवरून आले की खाकी कपडे बदलून खड्ड्यात उतरायचे. जिथे आईचे पाय असायचे तिथे आता ते कमरेएवढे उभे. गंजलेला एक नट सुटायला आठवडा गेला तरी त्याला रोज संध्याकाळी रॉकेल पाजायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा प्रेमानं पान्हा लावून पाहायचे. गल्लीत त्यांच्या धीराचं कौतुक व्हायला लागलं. मलाही तेव्हा अभिमान वाटायचा, खोटं कशाला बोलू. मी त्यांच्या हाताखाली इतकी शिकले की कॉलेजात गेल्यावर मैत्रिणी स्वेटरचे टाके मोजायच्या आणि मी व्हॉल्व्ह घासायची.

इंजिन खोललं ते पावसाळ्यात. इंजिनातल्या वस्तूंचं एक आहे, दिसायला दोन सारख्या असल्या तरी जी जिथून निघाली ती तिथेच परत बसली पाहिजे. वर्षानुवर्षं एकमेकींना घासून त्यांची जोडी जमलेली असते. बाबांनी खोलीच्या कोपऱ्यात पांढरी चादर अंथरली आणि काढलेली प्रत्येक वस्तू तिच्या क्रमानं मांडली. ओळखायला खूण म्हणून प्रत्येकीला सुताचा एक तुकडा बांधला. लाल, पिवळा, हिरवा, दोन लाल, लाल-पिवळा, असं करत. सूत कुठलं? आईच्या मागावरून कापलेल्या ताण्याचं. ते एका डब्यात पडलेलं होतं, कामास आलं, एवढाच त्यांचा विचार. बाबांच्या गाठी म्हणजे गाठोडी, मोठाल्या आणि ढिल्या. मी एकदा म्हटलं होतं की आईचं सूत आहे ते. बाबा म्हणाले, हो ना, किती मजबूत आहे पाय.

मग नवरात्र आलं. खांडेनवमीला आमच्याकडे हत्यारांची पूजा असते. माग असताना त्या दिवशी माग बंद ठेवायचा, फणी, धोटे, पावड्या सगळं धुऊन, हळदकुंकू लावून, झेंडू वाहून नैवेद्य दाखवायचा. माग गेल्यावर आई दर नवमीला स्वयंपाकघरात एका पाटावर तो एकटा धोटा पुजायची. समोरच्या खोलीत बाबा पान्ह्यांना कुंकू लावायचे. एका घरात दोन पूजा. त्या वर्षी बाबांना साहेबाला घेऊन कळमेश्वरला जावं लागलं आणि मी कॉलेजातून दुपार उलटल्यावर घरी आले. गल्लीतूनच मला दिसलं. आई समोरच्या खोलीत बसलेली होती.

नवं लुगडं नेसलेली, केसात फूल, पुढ्यात पाण्याची घमेली, चिंच, राख आणि नारळाच्या शेंड्या. गाडीच्या बॉनेटला हळदकुंकू, स्टिअरिंगला झेंडूची माळ. आणि चादरीवर इंजिनाची प्रत्येक वस्तू सोन्यासारखी घासून लखलखीत मांडलेली, पण रांगोळी काढावी तशी. लांब लांब दांड्या बाहेर गोल करून, त्यांच्या आत व्हॉल्व्हची फुलं, त्यात नट आणि स्प्रिंगा, आणि मधोमध तिचा धोटा. सुताचे तुकडे कुठेच नव्हते. इतक्या वर्षांनी आई त्या खोलीत आली होती, तिनं गाडीला हात लावला होता, कुंकू लावलं होतं. आनंदानं ओरडावं की डोक्याला हात लावावा हेच कळेना. आई म्हणाली, पाय धुऊन ये आणि नमस्कार कर. मी मुकाट्यानं नमस्कार केला. कोणता व्हॉल्व्ह कुठला, कोणती दांडी कोणाची, हे आता देवालाच माहीत होतं.

बाबा दिवेलागणीला आले. गल्लीतूनच आईला पाहिलं आणि त्यांचा चेहरा असा फुलला की मला रडूच आलं, कारण पुढच्या क्षणी त्यांची नजर चादरीवर जाणार होती. ती गेली. ते खाली बसले. एक दांडी उचलली, ठेवली, दुसरी उचलली.

"सुतं कुठी हायेत?" त्यांनी विचारलं.

"भिजली. सोडून टाकली," आई म्हणाली.

मग जे झालं ते आमच्या घरात आधी कधी झालं नव्हतं आणि नंतरही झालं नाही. बाबांनी हाताला लागेल ती वस्तू उचलली आणि सगळी ताकद लावून भिंतीवर फेकली. त्यांना वाटलं असेल काहीतरी लोखंड आहे. तो धोटा होता. लाकूड मधोमध चिरलं आणि दोन तुकडे खड्ड्याच्या काठाशी येऊन पडले. समोरच्या ओसरीवर काका उभे झाले. मोठी आई तोंडाला पदर लावून तशीच राहिली. ज्या माणसानं गंजल्या नटावर कधी हात उगारला नाही, त्यानं हे केलं होतं, आणि सगळ्यांत जास्त हादरले होते ते स्वतः बाबाच. हात हवेत तसाच राहिला होता. आईनं दोन्ही तुकडे वेचले, झेंडूची एक पाकळी चिकटली होती ती काढली, आणि बकऱ्यांच्या वाटेनं आत निघून गेली. पुरणाचा स्वयंपाक झाकलेला राहिला. त्या दिवशी आमच्यात कोणीच जेवलं नाही.

दसऱ्याला बाबा सकाळीच बाहेर पडले. लोक संध्याकाळी सोनं वाटायला निघतात, हे सकाळी निघाले, आणि कुठे हिंडले कोण जाणे. मी मोठ्या आईकडे जाऊन बसले, मला घरात बसवेना. बाबा परतले तेव्हा अंधार पडायला आला होता, त्यांच्या खिशात आपट्याची पानं चुरगळलेली; त्यांना पाहून मीही ओसरीवरून उठले. आम्ही दोघं एकदमच खोलीत शिरलो. चादर होती. चादरीवर सगळ्या वस्तू होत्या. पण आता रांगोळी नव्हती. ओळीनं, एकामागे एक, बाबांनी पावसाळ्यात मांडल्या होत्या त्याच क्रमानं, प्रत्येकीवर तेलाचा हात फिरवलेला. आणि प्रत्येकीला सूत बांधलेलं. लाल, पिवळं, हिरवं, दोन लाल, लाल-पिवळं. बाबांनी एक दांडी उचलून दिव्यापाशी नेली. गाठ एवढीशी होती, मोहरीच्या दाण्याएवढी, बोट फिरवलं तर लागणारही नाही अशी. ताण्याचं तुटलेलं सूत जोडताना मारतात ती. अशी गाठ आमच्या घरात एकालाच येत होती.

बाबा खड्ड्याच्या काठावर बसले, पाय आत सोडून, आई बसायची अगदी तसे. माझ्याकडे न पाहता म्हणाले, "म्हणजे तिले सगळं माहीत होतं वं."

माझ्या डोक्यात तेव्हा उजेड पडला. ज्या बाईला हजार सुतांतलं एक तुटलं तर न पाहता बोटाला कळायचं, तिला चादरीवरचा क्रम कळला नव्हता असं आम्ही धरूनच चाललो होतो. ती रोज मागच्या दारानं जात होती, पण घरात काय मांडलं आहे ते तिला आमच्याइतकंच ठाऊक होतं. तिनं चुकून काही मिसळलं नव्हतं. मी आतल्या दाराशी गेले. आई पाठमोरी बसून भाकरी थापत होती. विचारायची माझी हिंमत झाली नाही. बाबांनीही विचारलं नाही. पण त्यानंतर त्यांनी इंजिनाला हात लावायच्या आधी धोटा हातात घेतला. तुकडे जुळवले, सरस लावला, वरून पितळेची पातळ पट्टी बसवली, पट्टीच्या कडा कानस मारून मारून अशा गुळगुळीत केल्या की सूत अडकू नये. ज्यानं आता कधीच काही विणलं जाणार नव्हतं त्याच्यासाठी एवढी खबरदारी. तो त्यांनी नेऊन स्वयंपाकघरात आईच्या फळीवर ठेवला. आईनं पाहिलं आणि विचारलं, भात वाढू का.

गाडी सुरू झाली ती संत्र्यांच्या दिवसांत. पहिला धूर निघाला तेव्हा गल्लीतली पोरं नाचली, आणि काका, जे जन्मभर टोमणे मारत आले, ते रेडिएटरसाठी पाण्याची बादली घेऊन धावत आले. बाबा आत गेले. काय बोलणं झालं माहीत नाही, पण थोड्या वेळानं आई बाहेर आली, मागच्या दारानं नव्हे, समोरच्या खोलीतून. खड्ड्यावर आता फळ्या टाकलेल्या होत्या, त्यांच्यावरून ती पाय जपून टाकत आली. बाबांनी इस्त्रीचे कपडे घातले होते. त्यांनी मागचं डावं दार उघडलं आणि उभे राहिले. मोठी आई हसून काहीतरी बोलणार होती, पण आईचा चेहरा पाहून गप्प बसली. आई गाडीत बसली. मी पुढे बसले.

आम्ही उमरेड रोडला लागलो. बाबा त्या दिवशी इतके बोलले की काय सांगू. पाय कशी पाण्यासारखी चालून राहिली, हा आवाज ऐक, खड्डा लागला तरी समजलं का तुले. आई खिडकीबाहेर पाहत होती. दिघोरी मागे पडली, शेतं सुरू झाली. बाबांनी वरचा आरसा थोडा हलवला, मागे बसलेली आई दिसावी म्हणून. मला तेव्हा मनापासून वाटलं, झालं एकदाचं. सगळं जागच्या जागी बसलं.

"नवमीले मी ते जाणूनबुजून मिसळलं होतं," आई म्हणाली. आवाजात राग नव्हता, बाजारातला भाव सांगावा तसं म्हणाली. "आपण जपून मांडलेलं कोणी न विचारता उचललं तं कसं वाटते, ते तुम्हाले समजावं म्हणून."

बाबा म्हणाले, "समजलं."

"नाही समजलं. मागासाठी मी रुसली नव्हती. सूत बंद झालं होतं, मले का दिसत नव्हतं? थोडंसं विणायचं राहिलं होतं, तेवढं विणून मागावरून उतरवलं असतं अन् मीच म्हटलं असतं, घ्या जागा, आणा तुमची गाडी." "तुम्ही एक डाव विचारलं असतं तं मी हो म्हटलं असतं."

बाबांनी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. जे इंजिन चालू व्हावं म्हणून त्यांनी त्या खड्ड्यात इतकी वर्षं काढली होती, ते त्यांनी स्वतःच्या हातानं बंद केलं. दोन्ही हात स्टिअरिंगवर, डोळे समोर. त्यांना आरशात पाहायचा धीर झाला नाही. आई मागे डाव्या बाजूला बसलेलीच होती, पदर सावरून, ताठ, मॅडमसारखी.